हिवतापाचा नकाशा आणि डासांची अंडी

२० ऑगस्ट १८९७ या दिवसाचे महत्त्व हैदराबाद-सिकंदराबादेत वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्यांस निराळे सांगावयास नको. त्या दिवशी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भित्तीवर हिवतापाच्या परजीवींचे रंगद्रव्यधारी कोश दिसले. बेगमपेठेतील ज्या वास्तूशी ही घटना जोडली जाते ती आजही उभी आहे. आपली पाठ्यपुस्तके हा प्रसंग सांगतात, पुढच्या वर्षी कलकत्त्यास रॉस यांनी पक्ष्यांच्या मलेरियावर केलेले काम सांगतात, इटलीत ग्रासी यांनी मानवी हिवतापाचा वाहक म्हणून ॲनॉफिलीस डासाची मादी निश्चित केली हे सांगतात, आणि तेथून थेट औषधांच्या मात्रांकडे वळतात. विद्यार्थिदशेत मीही 'जेथे ॲनॉफिलीस तेथे मलेरिया' असे उत्तरपत्रिकेत लिहिले होते आणि त्याचे पूर्ण गुणही मला मिळाले होते. हे विधान अर्धेच खरे आहे हे युरोपातील वैद्यांना विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी कळून चुकले होते. त्याचे कारण सापडावयास मात्र पाव शतकाहून अधिक काळ जावा लागला. एका कीटकाच्या प्रसाराची नोंद करण्याच्या त्या दीर्घ आणि काहीशा कंटाळवाण्या उद्योगाची हकीकत या लेखात सांगावयाची आहे.

आरंभ ग्रासी यांच्यापासूनच करावा लागेल. जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रासी यांचे शिक्षण वैद्यकाचे, परंतु वृत्ती प्राणिशास्त्रज्ञाची. रोगी तपासण्याऐवजी त्यांनी १८९८ च्या उन्हाळ्यात इटलीची गावे पालथी घातली. त्यांची पद्धत एखाद्या पोलीस तपासाला शोभावी अशी होती. जेथे हिवताप नाही अशा निरोगी गावांत जे डास विपुल आढळतील त्यांना संशयितांच्या यादीतून वगळावयाचे आणि केवळ हिवतापाच्या प्रदेशात जे आढळतील त्यांच्यावर नजर ठेवावयाची. अशा रीतीने गाळून गाळून अखेर जे थोडे उरले, त्यांत प्रमुख होता इटालियन शेतकरी ज्याला 'झान्झारोने', म्हणजे मोठा डास, म्हणत तो ठिपकेदार पंखांचा ॲनॉफिलीस. पुढे याच डासाला शास्त्रीय वाङ्मयात ॲनॉफिलीस मॅक्युलिपेनिस हे नाव रूढ झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस बिन्यामी आणि बास्तियानेल्ली यांच्यासह ग्रासी यांनी रोमच्या सांतो स्पिरितो रुग्णालयात मानवावरील प्रयोगाने हा आरोप सिद्ध केला. रॉस आणि ग्रासी यांच्यातील श्रेयाचा कटू वाद सर्वश्रुत आहे. १९०२ चे नोबेल पारितोषिक एकट्या रॉस यांना मिळाले. माझ्या मते या वादाच्या धुरळ्यात ग्रासी यांच्या पद्धतीचे वेगळेपण झाकोळून गेले. त्यांनी गुन्हेगार शोधला तो प्रथम नकाशावर. सूक्ष्मदर्शक त्यानंतर आला.

आणि नकाशानेच त्यांना अडचणीत आणले.

मॅक्युलिपेनिस कोठे कोठे आहे याच्या नोंदी जसजशा वाढू लागल्या तसतसे एक विचित्र चित्र दिसू लागले. १९०१ च्या सुमारास चेल्ली आणि गास्पेरीनी यांना तोस्काना प्रांतात अशी पाणथळ गावे आढळली, की जेथे हा डास भरपूर आणि हिवताप मात्र नाही. नेपल्सजवळच्या सखल भागात ग्रासी यांनाही हाच अनुभव आला. उत्तर इटलीतील पो नदीच्या खोऱ्यात, फ्रान्सच्या अनेक भागांत, जर्मनीत, डेन्मार्कमध्ये, इंग्लंडमध्ये, सर्वत्र तोच डास. तेच ठिपकेदार पंख, बसण्याची तीच तिरकी ढब. हिवताप मात्र कोठे उग्र, कोठे सौम्य, आणि बहुतेक ठिकाणी मुळीच नाही. या कोड्याला 'मलेरियाविना ॲनॉफिलीस' असे नावच पडले.

येथे रोगाचा नकाशा कसा काढत याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण त्याचा आम्हा बालरोगतज्ज्ञांशी संबंध आहे. रक्ताच्या काचपट्ट्या गावोगाव तपासणे त्या काळी सोपे नव्हते. त्याऐवजी लहान मुलांना ओळीने उभे करून त्यांची प्लीहा चाचपून पाहात. ज्या गावात शंभरांतील पन्नास मुलांच्या पोटात पानथरी हाताला लागते, तेथे हिवताप मुक्कामाला आहे हे सांगण्यास प्रयोगशाळा लागत नाही. ही युक्ती मूळची हिंदुस्थानातली. यमुनेच्या कालव्यांमुळे आसपासची वस्ती रोगट होते का, हे ठरविण्यासाठी डेम्पस्टर नावाच्या लष्करी डॉक्टरांनी १८४० च्या दशकात ती प्रथम पद्धतशीर वापरली. म्हणजे युरोपातील संशोधकांच्या मेजावर दोन नकाशे होते. एक मुलांच्या प्लीहांचा, दुसरा डासांचा. एकावर एक ठेवले तर ते जुळावयास हवे होते आणि ते जुळत नव्हते.

न जुळण्याची कारणे प्रत्येकाने आपापल्या परीने दिली. कोणी हवामानाला दोष दिला, कोणी दारिद्र्याला, कोणी क्विनीनच्या वाटपाला. सर्वांत आकर्षक उपपत्ती गुराढोरांची होती. डॅनिश निसर्गशास्त्रज्ञ वेसेनबर्ग-लुंड यांच्या ध्यानी आले की त्यांच्या देशातील ॲनॉफिलीस तबेल्यांत आणि गोठ्यांत राहतात. शेतीची भरभराट होऊन गुरे वाढली, डास त्यांच्याकडे वळले आणि माणूस सुटला, असा निष्कर्ष त्यांनी काढला. फ्रान्समध्ये रूबो यांनी हीच कल्पना पुढे नेली. गुरांची जाड कातडी भेदावी लागल्यामुळे डासांच्या जबड्यावरील दातांची संख्या वाढते असे मानून त्यांनी चक्क डासांचे दात मोजले. परंतु दात मोजूनही नकाशे जुळेनात. ज्या गावात दहा गुरे तेथे हिवताप नाही आणि जेथे शंभर गुरे तेथे तो ठाण मांडून बसलेला, असे अपवाद सापडतच राहिले.

हॉलंडमध्ये हा प्रश्न अधिक धीराने हाताळला गेला. तेथे ॲमस्टरडॅमच्या उत्तरेस मचूळ पाण्याच्या सखल पट्ट्यात हिवताप होता आणि आतल्या गोड्या पाण्याच्या भागात, डास असूनही, नव्हता. आपल्या कोकण-गोव्याकडील खाजण जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना तो मचूळ पट्टा डोळ्यांपुढे आणणे कठीण जाणार नाही. वॉर्मरव्हेअर या गावी कोर्टेवेख नावाचे एक व्यावसायिक डॉक्टर होते. कोणत्याही विद्यापीठाशी न बांधलेल्या या गृहस्थांनी आपल्याच रुग्णांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या, आणि वसंत ऋतूत येणारे हिवतापाचे रुग्ण हे प्रत्यक्षात आदल्या शरद ऋतूत संसर्ग झालेले असतात हे त्यांतून दाखवून दिले. पुढे स्वेलनग्रेबेल, दे बुक आणि फान थील यांनी डासांच्या पंखांची लांबी मोजली, तेव्हा मचूळ पट्ट्यातील डास आखूड पंखांचे आणि गोड्या पाण्याकडचे लांब पंखांचे निघाले. लांब पंखांचे डास हिवाळ्यात थंड कोठारांत जाऊन पूर्ण निद्रिस्त होतात. आखूड पंखांचे मात्र उबदार घरांत आणि गोठ्यांत शिरतात आणि भर हिवाळ्यातही अधूनमधून रक्त पितात. बंद घरात, एकाच कुटुंबाच्या संगतीत, महिनोन्‌महिने. कोर्टेवेख यांच्या नोंदींचा अर्थ आता कोठे लागला. १९२७ साली फान थील यांनी या आखूड पंखांच्या प्रकाराला ॲट्रोपार्व्हस हे नाव दिले. तरीही पंखांची लांबी ही फसवी खूण होती. ती आहारावर आणि ऋतूवर अवलंबून असते. एकट्या डासाकडे पाहून काही ठरविता येत नसे.

खरा उलगडा ज्यांच्या हातून झाला ते दोमेनिको फाल्लेरोनी हे इटलीच्या आरोग्यखात्यातील एक निवृत्त निरीक्षक होते. त्यांच्यापाशी मोठी प्रयोगशाळा नव्हती. वेळ आणि चिकाटी होती. त्यांनी डासांऐवजी डासांच्या अंड्यांकडे पाहिले. ॲनॉफिलीसची मादी पाण्यावर सुटी सुटी अंडी घालते. एक अंडे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे, होडीच्या आकाराचे. दोन्ही कडांना हवेने भरलेले तरंगण्याचे पडदे असतात, म्हणून ते बुडत नाही. भिंगाखाली पाहिले असता या होडीच्या वरच्या पृष्ठावर नक्षी दिसते. सर्व मॅक्युलिपेनिस डासांची ही नक्षी एकसारखी नसते हे फाल्लेरोनी यांच्या ध्यानी आले. कोणाची अंडी करड्या रंगावर दोन ठळक काळ्या पट्ट्यांची, कोणाची ठिपक्यांची, कोणाची काळोखी. एवढेच असते तर ती एक गंमत ठरली असती. परंतु त्यांनी एकेक मादी वेगळी ठेवली आणि तिच्या पुढच्या खेपांची अंडी पाहिली. मादी तीच तर नक्षी तीच. कधीही बदल नाही. म्हणजे ही नक्षी हवामानाची वा आहाराची देणगी नव्हती, ती कुळाची खूण होती. १९२६ साली हे निरीक्षण प्रसिद्ध करताना त्यांनी दोन प्रकारांना नावे दिली, लाब्रांकिए आणि मेसिए. आरोग्यखात्यातील लाब्रांका आणि मेस्सेआ या दोघा गृहस्थांची नावे अशी डासांच्या रूपाने अमर झाली. त्यांना हा सन्मान कितपत रुचला असेल कोण जाणे. ग्रासी मात्र हा उलगडा पाहावयास नव्हते. ते त्याच्या आदल्या वर्षीच निवर्तले होते.

निवृत्त निरीक्षकाच्या या टिपणाकडे काही वर्षे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९३० नंतर रोममधील हिवताप संशोधन केंद्राचे मिस्सिरोली, रॉकफेलर प्रतिष्ठानाचे अमेरिकन डॉक्टर लुईस हॅकेट आणि हॅम्बुर्गचे कीटकशास्त्रज्ञ एरिक मार्टिनी यांनी ते उचलून धरले आणि मग युरोपभर अंडी गोळा करण्याचे काम सुरू झाले. या कामात डोळे दिपविणारे काहीही नव्हते. पहाटे गोठ्यात शिरावयाचे, भिंतीवर पोट फुगवून बसलेल्या माद्या काचेच्या नळीने अलगद टिपावयाच्या, प्रत्येकीला वेगळ्या कुपीत थोड्या पाण्यावर ठेवावयाचे आणि ती अंडी घालीपर्यंत वाट पाहावयाची. कुपीवर गावाचे नाव, तारीख, गोठा की घर, हे लिहावयास विसरले की सारे श्रम वाया. मग भिंगाखाली नक्षी पाहून नोंदवहीत एक खूण. अशा असंख्य खुणांतून नकाशा सिद्ध होतो. नकाशावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे कोणी एक मनुष्य त्या गावी, त्या गोठ्यात प्रत्यक्ष गेला होता याचा पुरावा असतो. आणि नकाशावरची कोरी जागा म्हणजे तेथे डास नाहीत असे नव्हे, कदाचित तेथे कोणी गेलेच नसेल. रोगांच्या अधिसूचनेचे तक्ते पाहताना आपण ही दुसरी गोष्ट हमखास विसरतो.

१९३५ साली हॅकेट आणि मिस्सिरोली यांनी मॅक्युलिपेनिसचे प्रकार आणि युरोपातील हिवतापाचा प्रसार यांचा मेळ घालणारा प्रबंध प्रसिद्ध केला. ज्याला सारे जग एक डास समजत होते, तो अर्धा डझनाहून अधिक डासांचा समूह होता. मूळ मॅक्युलिपेनिसची अंडी दोन आडव्या काळ्या पट्ट्यांची. हा डोंगराळ, वाहत्या पाण्याच्या प्रदेशातला आणि निरुपद्रवी. मेसिएची अंडी पट्ट्यांवर अधिक गुंतागुंतीच्या नक्षीची; हा नद्यांच्या खोऱ्यांतील थंड, गोड्या, साचलेल्या पाण्याचा रहिवासी, गुरांवर जगणारा. मेलानून काळ्या अंड्यांचा, तोही गुरांचाच. उलट लाब्रांकिएची अंडी फिकट ठिपकेदार आणि तरंगण्याचे पडदे अगदी लहान. हा इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावर, दक्षिणेत, सिसिलीत आणि सार्डिनियात. सखारोव्हीच्या अंड्यांना तर पडदेच नाहीत. हा बाल्कन देशांत आणि इटलीच्या ईशान्य किनाऱ्यावर. ॲट्रोपार्व्हस वायव्य युरोपच्या मचूळ किनाऱ्यांवर. या नव्या नकाशावर मुलांच्या प्लीहांचा नकाशा ठेवला तेव्हा लाब्रांकिए आणि सखारोव्ही यांची वस्ती आणि उग्र हिवतापाची वस्ती एकच निघाली. ॲट्रोपार्व्हसच्या किनारी पट्ट्यात सौम्य हिवताप होता. बाकीच्यांच्या प्रदेशात डास उदंड असून प्लीहा निरोगी होत्या.

पूर्वीचे सर्वेक्षण आळशी नव्हते, लबाड तर मुळीच नव्हते. नोंदी प्रामाणिक होत्या, ठिपके अचूक होते. चूक नावात होती. निरनिराळ्या सवयींचे डास एकाच नावाच्या मथळ्याखाली लिहिले जात होते, आणि मथळा चुकला की खालचा प्रत्येक आकडा, कितीही काळजीपूर्वक मोजलेला असो, दिशाभूलच करतो. आपल्या व्यवसायात हा अनुभव नवा नाही. बाह्यरुग्ण विभागातील जुन्या नोंदवह्यांत 'ताप' या एका शब्दाखाली किती निरनिराळे रोग शेजारी शेजारी नांदत असतील याचा विचार मनात आला की मला फाल्लेरोनी यांच्या कुप्या आठवतात.

डासाच्या पोटातील रक्त कोणाचे हेही याच काळात तपासले गेले. त्यासाठी प्रिसिपिटिन चाचणी वापरीत. प्रतिद्रव्य आणि प्रतिजन यांचा साका बनतो हे तत्त्व वाचकांच्या परिचयाचे आहे. मेसिएच्या पोटात प्रामुख्याने गुरांचे रक्त निघाले, लाब्रांकिएच्या पोटात माणसाचे प्रमाण बरेच अधिक. मात्र गोठ्यात पकडलेल्या डासाच्या पोटात गाईचे रक्त निघाले तर त्यात नवल ते काय? घर आणि गोठा दोन्हींतून नमुने घेतल्याखेरीज या चाचणीला अर्थ नाही, हे भान त्या मंडळींना होते. आजच्या अनेक सर्वेक्षणांत ते आढळत नाही, एवढे नोंदवून पुढे जातो. हे प्रकार एकमेकांशी संकर करीत नाहीत, केलाच तर संतती बहुधा जगत नाही वा वांझ निपजते, हे प्रयोगांनी दिसून आल्यावर त्यांना 'उपजाती' न म्हणता स्वतंत्र जाती मानण्यात येऊ लागले.

एखाद्या डासाला कोठले पाणी आवडते हे कळल्याने रोग आटोक्यात आणता येतो, तसाच तो पसरविताही येतो. रोमच्या दक्षिणेस पोन्तीन दलदलीचा विस्तीर्ण प्रदेश आहे. १९३० च्या दशकात तो कालवे आणि पंपांच्या साहाय्याने कोरडा करून तेथे शेतकरी वसविण्यात आले होते. १९४३ च्या शरदात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने पंप बंद पाडले आणि शेते पुन्हा पाण्याखाली घातली. त्या प्रांतात १९४३ साली हिवतापाचे सुमारे बाराशे रुग्ण नोंदले गेले होते. १९४४ साली ती संख्या सुमारे पंचावन्न हजारांवर गेली. इतिहासकार फ्रँक स्नोडेन यांचे प्रतिपादन असे आहे की मचूळ पाण्यात लाब्रांकिए वाढतो हे पुरते जाणूनच हा पूर आणला गेला, आणि त्यामागे सल्ला होता तो एरिक मार्टिनी यांचा. १९३२ साली हॅकेट आणि मिस्सिरोली यांच्या नावांसोबत अंड्यांच्या प्रबंधावर ज्यांचे नाव होते, तेच हे मार्टिनी.

युद्धानंतर डीडीटी आले. १९४६ पासून चार-पाच वर्षे सार्डिनिया बेटावर लाब्रांकिएचा समूळ उच्छेद करण्याची प्रचंड मोहीम चालली. डास काही संपला नाही. परंतु त्याची संख्या इतकी घटली की हिवताप मात्र संपला. हॉलंडमध्ये १९३२ साली बांध घालून समुद्राचा फाटा तोडल्यावर मागील जलाशय हळूहळू गोडा झाला आणि ॲट्रोपार्व्हसची मचूळ आश्रयस्थाने आक्रसली. १९७० साली हे दोन्ही देश हिवतापमुक्त म्हणून नोंदले गेले.

आपल्याकडेही अंड्यांची ही विद्या वेळेवर पोहोचली होती. १९३७ साली तत्कालीन म्हैसूर संस्थानात स्वीट आणि राव यांनी ॲनॉफिलीस स्टीफेन्साय या डासाच्या अंड्यांवरील पडद्यांच्या वळ्या मोजून त्याचे दोन प्रकार वेगळे केले. अधिक वळ्यांचा प्रकार शहरी. विहिरींत आणि गच्चीवरील टाक्यांत वाढणारा, हिवतापाचा खरा वाहक. कमी वळ्यांचा 'मायसोरेन्सिस' मुख्यतः ग्रामीण आणि गुरांच्या मागे असणारा. पुढे दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्राने गुणसूत्रांच्या आधारे क्युलिसिफेसीस आणि फ्लुव्हिएटिलिस हेही अशाच जुळ्या जातींचे समूह असल्याचे दाखविले. फ्लुव्हिएटिलिसचा एक घटक माणसाचे रक्त शोधतो आणि उरलेले गुरांकडे जातात. बाहेरून पाहता ते ओळखू येत नाहीत. तरीही जिल्हा पातळीवरील कित्येक अहवालांत आजही नुसते 'ॲनॉफिलीस आढळले' एवढेच लिहिलेले असते.

इटलीत आता अंड्यांच्या जागी डीएनएची परीक्षा आली आहे. २००४ साली तर खुद्द मेसिएतूनच रुमेनियात डेसिए नावाची आणखी एक जात वेगळी काढण्यात आली. तोस्कानातील मारेम्मा या किनारी प्रदेशात भातशेतीच्या पाण्यात लाब्रांकिए आजही वाढतो आणि त्याची मोजणी देश रोगमुक्त झाल्यावरही सोडून देण्यात आलेली नाही. १९९७ च्या ऑगस्टमध्ये तेथील ग्रामीण भागात राहणाऱ्या, परदेशप्रवास कधी न केलेल्या एका स्त्रीला व्हायव्हॅक्स हिवताप झाला. शोध घेता घेता आरोग्य अधिकारी तिच्या घरापासून थोड्याच अंतरावर राहणाऱ्या एका कुटुंबापाशी पोहोचले. घरातील लहान मुलगी नुकतीच भारतातून आली होती, आणि तिच्या रक्तात व्हायव्हॅक्सचे परजीवी होते.